कुंडीतलं शेवाळ, ज्ञानेश्वरीतली बाबुळी (गीता ७.१३)



आज सातव्या अध्यायातला तेरावा श्लोक. कालच्या बाराव्या श्लोकात भगवंतांनी सांगितलं, की सात्त्विक, राजस, तामस असे जेवढे भाव आहेत ते सगळे माझ्यापासूनच झाले आहेत. आज ते म्हणतात, याच तीन गुणांच्या भावांनी हे सगळं जग भुलून गेलंय, आणि म्हणून त्यांच्या पलीकडे असलेला, कधीच न बदलणारा मी जगाला ओळखू येत नाही.

दोन श्लोक पाठोपाठ वाचले की प्रश्न पडतोच. जे देवापासून झालं, ते देवालाच झाकणार कसं? बाहेरून कुणी शत्रू येऊन पडदा टाकतो असं म्हटलं असतं तर समजायला सोपं होतं. पण इथे बाहेरचं कुणी नाहीच.

माउलींना हा प्रश्न येणार हे ठाऊक असावं. नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. समोर बसलेल्यांत शेतकरी असतील, पाणी भरणाऱ्या बायका असतील. त्यांनी रोज पाहिलेलीच गोष्ट माउली या श्लोकावर बोलताना पुढे ठेवतात: पाण्यात बाबुळी होते आणि ती पाण्यालाच झाकून टाकते. बाबुळी म्हणजे पाण्यावर धरणारं शेवाळ. पाण्यातच जन्मतं, पाण्यावरच जगतं, आणि काठावरून बघणाऱ्याला पाणी दिसेनासं करतं. मग ते आणखी दाखले देतात. आकाशात ढग येतात आणि आकाशच लपतं. डोळ्यावर त्याच डोळ्याचं पडळ येतं आणि डोळ्याची नजर जाते. आणि शेवटी भगवंतांच्या तोंडून म्हणवून घेतात, की ही माया म्हणजे माझीच सावली, तीच माझ्यासमोर पडद्यासारखी उभी राहिली.

मला या सगळ्यांत बाबुळीच जास्त जवळची वाटते. याचं कारण असं, की मी सालवडला राहते आणि आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत शेवाळ नसलेली जागा शोधावी लागते.

जे इकडचे नाहीत त्यांच्यासाठी: सालवड म्हणजे बोईसरजवळ, तारापूर एमआयडीसीला लागून असलेलं गाव. आता गाव म्हणायचं तरी कसं. एकीकडे कंपन्या, एकीकडे चाळी आणि तीन-चार मजली बिल्डिंगा, एवढ्या खेटून, की पलीकडच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. माणसं महाराष्ट्रभरातून आलेली, उत्तरेतूनही. समुद्र फार लांब नाही, त्यामुळे पाऊस थांबला तरी हवेतला ओलावा थांबत नाही. कंपाउंडच्या भिंती, जिन्याच्या पायऱ्या, पाण्याच्या टाकीची बाजू, सगळं मखमलीसारखं हिरवं होतं. दिसायला फार सुंदर, पाय ठेवला की घसरगुंडी.

आणि आमच्याकडच्या लोकांना गॅलरीत भाजी लावायची हौस आहे. मिरची, वांगी, टोमॅटो. निम्मे लोक शेती सोडून आलेले, हात स्वस्थ बसत नाहीत. मग श्रावणात एकमेकांना विचारणं सुरू होतं: "कुंडीत रोपांभोवती हिरवं हिरवं धरलंय, काय करू?"

थोडं या हिरव्याविषयी सांगते, कारण ते कळल्याशिवाय श्लोक नीट उतरणार नाही.

आपण मराठीत सगळ्यालाच शेवाळ म्हणतो. पण तळ्यातली बाबुळी वेगळी आणि कुंडीतल्या मातीवर मखमल धरते ती वेगळी. कुंडीतलं बहुतेक वेळा मॉस असतं. शाळेत ब्रायोफायटा शिकलेलं आठवतंय का? पुस्तकात त्याला वनस्पतिसृष्टीतले उभयचर म्हटलेलं असायचं, कारण राहतं मातीवर पण पुनरुत्पादनासाठी पाणी लागतंच. त्याला खरी मुळं नसतात. मुळांसारखे बारीक धागे असतात, मूलाभ, ते फक्त धरून ठेवण्यापुरते. पाणी ते अंगावरूनच शोषतं. म्हणून मातीत खोल जायची त्याला गरजच नाही. पृष्ठभाग सतत ओला मिळाला की पुरे.

याचे बीजाणू वाऱ्यावर असतात. माझ्या कुंडीत आहेत, तुमच्या कुंडीत आहेत, देवळाच्या कळसावरही असतील. सगळीकडे असून धरतात मात्र तिथेच, जिथे माती वाळत नाही, ऊन पोचत नाही, वारा खेळत नाही, कुंडीखालचं भोक बुजलंय आणि ताटलीत पाणी साचून राहिलंय.

आता महत्त्वाचं. मॉस रोपाला खात नाही. ते बांडगूळ नाही, रोपातून रस ओढत नाही. तरीही मॉस धरलेल्या कुंडीत रोप खुरटतं, ते कशाने? जाड थर झाला की माती झाकली जाते. वरून दिलेलं थोडं पाणी थरच पिऊन टाकतो, आणि जास्त दिलं की खालची माती दिवसेंदिवस वाळत नाही. मुळांना हवा लागते, ती मिळत नाही. अशा ओल्या मातीत बारीक काळी चिलटं अंडी घालतात, त्यांच्या अळ्या कोवळी मुळं कुरतडतात. बुरशी लागते, रोपाचा देठ मातीशी बारीक होतो आणि रोप आडवं पडतं. शेतकरी याला रोपं कोलमडणं म्हणतात. म्हणजे रोप मरतं ते बहुतेकदा ज्या ओलीमुळे मॉस आलं त्या ओलीने. मॉस बिचारं फक्त सांगत असतं, की बाई, इथे पाणी फार झालंय.

आणि पाणी कुणी घातलेलं असतं? ज्याला रोपाची सगळ्यात जास्त काळजी आहे त्यानेच.

आमच्या मजल्यावर एक मुलगा राहतो. त्याला विचारून, आणि नाव न सांगण्याच्या अटीवर लिहिते आहे. वय पंचवीस. जळगावकडचा. इथे एका कंपनीत क्यूसीला आहे, शिफ्ट फिरत्या: एक आठवडा सकाळची, एक दुपारची, एक रात्रीची. या वैशाखात त्याचे वडील गेले. तेराव्यानंतर परत येताना आईने कपाटातून वर्तमानपत्राची एक पुडी काढून दिली. भरताच्या वांग्याचं बी. जळगावकडचं ते मोठं, हिरवट-पांढुरकं वांगं तुम्हाला माहीत असेल. भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे त्याला. वडील दरवर्षी चांगलं एक फळ झाडावरच पिवळं होऊ द्यायचे आणि त्यातलं बी धरायचे. हे शेवटचं धरलेलं.

त्याने आइस्क्रीमच्या डब्यांत माती भरून पेरलं. बी उगवलंही छान. मग तो पाणी घालायला लागला. शिफ्टला जाताना, शिफ्टहून आल्यावर, रात्री उठला तर उठल्यावर. पाऊस असला तरी. महिनाभरात डब्यांत असा हिरवा गालिचा झाला, की फोटो काढावा. रोपं मात्र तीन पानांवर अडकलेली, आणि एक एक करून पडायला लागलेली.

मला बोलावून दाखवलं तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. "ताई, आप्पांचं बी आहे हो हे. परत नाही मिळणार."

मी डब्यांकडे बघत होते आणि माझं लक्ष खोलीकडे गेलं. एका कोपऱ्यात दत्त, विठ्ठल, स्वामी, हनुमान, सगळ्यांचे फोटो. मोबाइलवर नामस्मरण चालू, ते म्हणे चोवीस तास असतं, झोपतानाही. हरिपाठ दोन वेळा, अकरा वेळा हनुमान चालिसा, रात्रपाळीहून आल्यावर पारायण. एका ग्रुपवर कुणी सांगितलं म्हणून एक जप, दुसऱ्यावर दुसरा. झोप चार तास. मी कौतुकाने म्हटलं, किती करतोस रे. तर म्हणाला, "एवढं करतोय ताई, पण आप्पा गेल्यापासून एकदाही रडू आलं नाही. अजून काय करायला पाहिजे?"

हे वाक्य त्या संध्याकाळपासून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. तेराव्या श्लोकावर लिहायला बसले ते त्याच्यामुळेच.

इथे थोडी सावकाश जाते, कारण चुकीचा अर्थ निघायला वेळ लागत नाही. तुमच्यातले जे वारकरी घरातले आहेत ते लगेच म्हणतील, ताई, नामाचा कधी अतिरेक होतो का? नाम जास्त झालं असं कोणत्या संताने सांगितलं? कुणीच नाही. मीही सांगणार नाही. नाम हे पाणीच आहे आणि पाण्यावाचून रोप जगत नाही. पण बाबुळी चिखलात किंवा दगडात होते असं माउली सांगत नाहीत. ती पाण्यातच होते असं सांगतात. म्हणजे जिथे पाणी आहे तिथेच हा धोका आहे. ज्याने कधी देवाचं नावच घेतलं नाही त्याच्या कुंडीत मॉस कुठून येणार, तिथे माती कोरडी ठणठणीत आहे. हा आपल्यासारख्यांचा आजार आहे, म्हणजे जे करतात त्यांचा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर असं: नाम कधी जास्त होत नाही, पण आतलं काही ऐकू येऊ नये म्हणून केलेला गजर जास्त होऊ शकतो. त्या मुलाला दुःखाची भीती वाटत होती. एक क्षण रिकामा गेला की आप्पा समोर येतील. म्हणून एकही क्षण रिकामा सोडायचा नाही. प्रत्येक क्षणावर काहीतरी ओतायचं. बघणाऱ्याला केवढी साधना! सगळं हिरवंगार. आणि खाली मुळाला श्वास घ्यायला जागा नाही.

हे सत्त्वाचं झाकण आहे, म्हणून ओळखायला कठीण. श्लोकात तिन्ही गुण म्हटलेत बरं का, नुसते रज-तम नाहीत. आळस देवाला झाकतो, हाव झाकते, हे आपल्याला पटकन पटतं. चांगलं, सात्त्विक, पवित्र असं काहीतरीही झाकू शकतं हे पटायला वेळ लागतो. कारण ते हिरवं असतं. जिवंत असतं. वाढतही असतं! आपल्याला वाटतं बाग फुललीय.

तुम्ही मुलं तर फारच कठीण काळात साधना करताय. सकाळी उठल्यावर पहिल्या दहा मिनिटांत तुमच्या फोनवर तीन प्रवचनांचे तुकडे, दोन आरत्या, एक सुविचार आणि एक "हे अकरा जणांना पाठवा" येऊन जातं. सगळं चांगलंच. पण एकही गोष्ट बोटाच्या पेराएवढीसुद्धा खाली उतरत नाही. वरच्या वर ओलं, आणि पुढची सर तयार.

मातीच्या माणसांकडे यासाठी एक शब्द आहे, आणि मला तो मराठीतल्या सगळ्यात सुंदर शब्दांपैकी एक वाटतो: वाफसा. पाऊस पडला की शेतकरी लगेच शेतात शिरत नाही. पाणी मुरू देतो, जादाचं निघून जाऊ देतो, आणि माती अशा अवस्थेला येते की तिच्यात ओलही आहे आणि हवाही. मूठभर माती उचलून दाबली तर गोळा होतो, आणि टाकला की फुटतो. आता वाफसा आला, असं म्हणतात. मुळं वाढतात ती वाफशावर. शेतात पाणी उभं असताना वांगी-मिरचीची मुळं गुदमरतात. पाणी देणं जितकं शेतकऱ्याचं काम, तितकंच पाणी तोडणंही त्याचंच काम. पाटाचं दार धरणाऱ्याला विचारा.

सावता माळ्यांची आठवण इथे येते. अरणचे हे संत आपल्या मळ्यातच विठ्ठल बघायचे, मळा सोडून पंढरपूरला जायची गरज त्यांना वाटली नाही. आजही पांडुरंगाची पालखी त्यांच्या भेटीला अरणला जाते. मला नेहमी वाटतं, माळ्याला भक्ती जमली त्यात त्याच्या धंद्याचा हात असणार. माळ्याला थांबता येतं. बी पेरून रोज उकरून बघत नाही तो.

गीतेनेही हे वेगळ्या शब्दांत सांगून ठेवलंय, सहाव्या अध्यायात, सोळाव्या-सतराव्या श्लोकांत. फार खाणाऱ्याचा योग होत नाही आणि अजिबात न खाणाऱ्याचाही. फार झोपणाऱ्याचा होत नाही आणि जागत राहणाऱ्याचाही. ज्याचं खाणं, फिरणं, काम, झोप, जागणं सगळं बेताचं, त्याचा योग दुःख दूर करणारा होतो. मी त्या मुलाला हे दोन श्लोक वाचून दाखवले, तेव्हा तो जरासा रागावलाच. म्हणाला, "म्हणजे झोप काढणं ही साधना?" मी म्हटलं, तुझ्या बाबतीत या आठवड्यात, हो.

मग आम्ही आधी डब्यांकडे वळलो. हे सविस्तर लिहिते, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या गॅलरीत आत्ता हेच चाललं असणार.

पहिलं, डब्यांना भोकंच नव्हती. आइस्क्रीमचा डबा, त्याला कुठून असणार? खिळा तापवून प्रत्येकाच्या तळाला सात-आठ भोकं पाडली. दोन डब्यांतून तर काळं पाणी थेंब थेंब गळत राहिलं, अर्धा तास. तो ते बघत बसला होता. काही बोलला नाही.

मग जुना काटा-चमचा घेऊन वरचा हिरवा थर सोलून काढला. एक सेंटीमीटरसुद्धा खोल जायचं नाही. रोपाच्या देठाजवळ तर हात अगदी हलका, कारण वांग्याच्या कोवळ्या रोपाची मुळं वरच असतात आणि मॉसचे धागे त्यांच्याभोवती असतात. देठाला चिकटलेलं थोडं मॉस तसंच राहू दिलं. ओढलं तर रोपच हातात येतं. सोललेल्या जागी कोरडी माती आणि जाड वाळू पसरली. डबे एकमेकांपासून लांब ठेवले, म्हणजे मधून वारा जाईल, आणि गॅलरीच्या ज्या टोकाला सकाळी दोन-अडीच तास ऊन येतं तिकडे सरकवले. आणि नियम असा केला, की बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी. तेही सकाळीच, डबा पाण्याच्या परातीत पंधरा-वीस मिनिटं ठेवून, खालून. वरचा भाग कोरडा राहतो आणि मुळं पाण्याच्या शोधात खाली जातात.

इंटरनेटवर लोक सांगतात व्हिनेगर मारा, खायचा सोडा टाका, मोरचूद शिंपडा. भाजीच्या कोवळ्या रोपांवर हे काही करू नका. मॉसच्या आधी रोप जाईल.

सोलताना तो मुलगा म्हणाला, सगळी मातीच फेकून देऊ आणि नव्याने करू का? मला आपल्याकडचा राब आठवला. पालघरकडचे शेतकरी भाताचं रोप टाकायच्या आधी, उन्हाळ्यात, त्या जागेवर पालापाचोळा, शेण, गवत पसरून ते भाजतात. तणाचं बी जळून जातं, राख मिळते, मग पावसाच्या तोंडावर त्यावर भात पेरतात. साधकांचाही एक असा मार्ग आहे, आधी सगळं जाळून टाकायचं आणि मग पेरायचं. संन्याशांचा असेल. पण राब भाजतात तो रोप टाकायच्या आधी. तुमच्या-माझ्या कुंडीत रोप आधीच उभं आहे. नोकरी आहे, आई आहे, हप्ते आहेत, एक दुःख आहे जे अजून तीन पानांवर अडकलंय. इथे आग लावून चालत नाही. काटा-चमचाच लागतो, आणि हलका हात.

तिसऱ्या अध्यायात, अडतिसाव्या श्लोकात, झाकण्याचे तीन प्रकार सांगितलेत: धुराने झाकलेला अग्नी, धुळीने झाकलेला आरसा आणि वारेने वेढलेला गर्भ. यावर बोलताना अनेक प्रवचनकार सांगतात, की तिन्हींचा उपाय वेगळा. धूर फुंकरीने जातो. आरसा हाताने पुसावा लागतो. गर्भाला मात्र दिवस भरू द्यावे लागतात, तिथे घाई केली तर घात. मला त्या डब्यांमध्ये दुसरा आणि तिसरा दोन्ही दिसत होते. वरचा थर हाताने काढायचा होता, आणि खालचं रोप फक्त वाट बघून वाढणार होतं. आपली गडबड अशी होते, की पुसायच्या जागी आपण वाट बघत बसतो आणि वाट बघायच्या जागी पुसत सुटतो.

त्याच्या साधनेचंही आम्ही तसंच काहीतरी केलं. मी कुणी गुरू नाही, त्यामुळे हे घाबरतच केलं. रात्रीचा मोबाइल बंद. ग्रुपवरचे जप बंद. पारायण सुट्टीच्या दिवशी, जागं असताना. हरिपाठ एकदाच, पण मोठ्याने, स्वतःच्या आवाजात. आणि त्यानंतर दहा मिनिटं काहीच नाही. ना माळ, ना फोन. डब्यांसमोर बसायचं, पाणी न घालता. "हे सगळ्यात अवघड आहे ताई," दुसऱ्याच दिवशी मला सांगून गेला, "हात आपोआप मगाकडे जातो."

चौथ्या की पाचव्या दिवशी, दुपारपाळीत, लॅबमध्ये ब्युरेट धुताना त्याचे हात नळाखाली तसेच राहिले आणि त्याला रडू फुटलं. सोबतच्याने नळ बंद केला आणि त्याला बाहेर बाकावर बसवलं. रात्री त्याने आईला फोन केला. दोघं आप्पांविषयी बोलले, म्हणजे ते वांग्यांच्या बागेत कसे शिव्या घालत फिरायचे त्याविषयी, आणि दोघं हसलेही म्हणे. नाम कमी केलं म्हणून रडू आलं असं मी म्हणणार नाही. असे हिशेब मांडू नयेत. आधीचं सगळं नामही कुठेतरी मुरलेलंच असणार, त्याला वाहून जायला एक भोक हवं होतं, एवढंच.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. मॉस परत येतं. सोललं म्हणून संपत नाही. वाळलेलं मॉस मेलेलंही नसतं. उन्हाळ्यात आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर काळपट, करपल्यासारखं दिसतं, आणि वळवाची पहिली सर पडली की थोड्याच वेळात पुन्हा हिरवं. महिनोन्‌महिने कोरडं राहून परत जिवंत होण्याची ताकद आहे त्याच्यात. तेव्हा एकदा साफ केलं आणि सुटलो, असं साधनेतही कुणी समजू नये. पण त्याच्याशी युद्धही पुकारू नये. मी काही माणसं अशी पाहिली आहेत, जी रोज स्वतःच्या मनातलं शेवाळ खरवडत बसतात, आणि खरवडता खरवडता रोपाची मुळं उघडी पाडतात. माझी भक्ती खोटी, माझा जप यांत्रिक, मी ढोंगी. हेही पाणी घालणंच आहे, फक्त कडू पाणी.

माउलींच्या दाखल्यात मला सगळ्यात जास्त दिलासा याचाच वाटतो. बाबुळी पाण्याला झाकते, पण पाण्याला बिघडवू शकत नाही. ढगाने आकाशाला डाग पडत नाही. बाबुळी हाताने बाजूला केली की तिच्याखाली पाणी तसंच असतं, तिथेच असतं, ते कुठे गेलेलंच नव्हतं. भगवंत या श्लोकात स्वतःला अव्यय म्हणतात ते यासाठी. झाकले गेले तरी उणे होत नाहीत.

डब्यांचं पुढे काय झालं ते विचाराल म्हणून: अकरा रोपं जगली. गेल्या आठवड्यात सहा पानांची झाली तेव्हा मोठ्या ग्रो-बॅगमध्ये हलवली. पाच त्याने ठेवली, चार बिल्डिंगमध्ये वाटली, दोन माझ्या गॅलरीत आहेत. फळ धरलं तर पहिलं पिवळं होईपर्यंत झाडावर ठेवायचं, बियासाठी, असं त्याने मला बजावून सांगितलंय. एका बॅगमध्ये कडेला पुन्हा हिरवी झाक दिसायला लागली आहे. मी परवापासून तिला पाणी दिलेलं नाही.

उद्या चौदावा श्लोक: ही माझी माया तरून जायला फार कठीण, पण जे मलाच शरण येतात ते तरून जातात. त्यावर माउली मायेची एक अख्खी नदीच उभी करतात. नाना साधनांच्या बळावर तिच्यात उडी घेणारे पोहणारेही दाखवतात आणि त्यांचं काय होतं तेही. ज्यांनी सर्वभावे भगवंतांना धरलं त्यांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांच्यासाठी नदीचं पाणी अलीकडच्या काठालाच संपून जातं. जमलं तर आज रात्री झोपण्याआधी तेवढ्या ओव्या स्वतः, मोठ्याने वाचून ठेवा. एकदाच वाचा. मग फोन बंद.

राम कृष्ण हरी.